खाकी कागदातला सप्लाय

कॉम्प्युटरच्या दुकानांच्या त्या गल्लीत कुणाचं कुणाशी पटत नसे. पाटी लावण्यावरून भांडणं, खोकी रस्त्यावर ठेवण्यावरून भांडणं, गिऱ्हाईक पळवण्यावरून तर रोजचीच. पण एका बाबतीत सगळ्यांचं एकमत होतं. पॉवर सप्लाय कुठल्या कंपनीचा घ्यावा, हे दिवेबाईंना विचारावं आणि त्या सांगतील तो मुकाट्याने घ्यावा.

गल्लीच्या टोकाला, जिन्याखालच्या एका लांबट खोलीत दोन धंदे नांदत होते. दाराकडच्या अर्ध्या भागात दिवेबाईंचं दुरुस्तीचं टेबल आणि आतल्या अर्ध्या भागात त्यांच्या नवऱ्याची पुस्तकबांधणी. त्याला सगळे बाइंडर म्हणत. बाहेर तारांना डाग देण्याचा वास, आत खळीचा वास, आणि मधे दोघांचा चहा. तीस वर्षांच्या संसारात बाइंडरला वीज कळली नाही आणि बाईंना शिवण कळली नाही. त्यामुळे एकमेकांच्या कामात नाक खुपसायची वेळ कधी आलीच नव्हती.

पॉवर सप्लाय म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला तो चौकोनी पत्र्याचा डबा, ज्याला एका अंगाला पंखा असतो आणि दुसऱ्या अंगाला तारांचा झुबका. भिंतीतली वीज घ्यायची आणि कॉम्प्युटरला सोसेल अशी करून द्यायची, एवढंच त्याचं काम. लोक कॉम्प्युटर घेताना पडदा बघतात, वेग बघतात, डब्याचा रंगसुद्धा बघतात. या बिचाऱ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. आणि हाच बिघडला तर जाताना बाकीच्यांनाही सोबत घेऊन जातो. बरं, निवडायचा तरी कसा? सगळे एका मापाचे, बहुतेक एका रंगाचे, सगळ्यांवर साडेचारशे वॅट असं ठळक छापलेलं. छापायला काय जातं?

दिवेबाईंचं म्हणणं असं, की छापलं आहेस ना, मग देऊन दाखव. त्यांनी एका लाकडी फळीवर मोटारीच्या पुढच्या दिव्यांचे आठ बल्ब बसवले होते. प्रत्येक पंचावन्न वॅटचा, आठांचे मिळून चारशे चाळीस. फळीच्या कडेला एक जाडजूड खटका. सप्लाय जोडायचा, खटका खाली ओढायचा, आठही दिव्यांचा भार त्याच्यावर एकदम टाकायचा आणि अर्धा तास बघत बसायचं. दिवे मंदावले का, पंखा रडायला लागला का, मीटरचा काटा बारा व्होल्टच्या किती खाली गेला, सगळं वहीत. मग सप्लाय उघडून आतले डाग, आतली तांब्याची वेटोळी, कशाला किती खर्च केलाय ते बघायचं. एकदा त्यांनी दोन मोठ्या कंपन्यांचे सप्लाय शेजारी शेजारी उघडले, तर आतून दोघं सख्खे जुळे निघाले. तेच भाग, तोच कारखाना, डाग दिलेल्या हाताची सवयसुद्धा तीच. बाहेर फक्त चिकटवलेली चिठ्ठी वेगळी. तिसऱ्या एकाच्या पोटात वजन वाढावं म्हणून लोखंडाची पट्टी कोंबलेली होती. बाईंनी ती पट्टी दारात टांगली आणि तिच्याखाली त्या कंपनीचं खोकं ठेवलं. आठवडाभर अख्खी गल्ली येऊन हसून गेली.

निकाल लिहायला दाराबाहेर एक काळी पाटी होती. खडूने लिहिलेल्या दोन ओळी, पण गल्लीत ती काळ्या दगडावरची रेघ. बाई कुणाकडून नमुन्याच्या सप्लायव्यतिरिक्त काही घेत नसत आणि काम झालं की नमुनाही परत देत. विकणाऱ्याचं एक अक्षर ऐकत नसत. कुणी आपल्या मालाचं कौतुक सुरू केलं, की हात वर करून म्हणत, "तुम्ही नका बोलू. त्याला बोलू दे."

यात बाइंडरचाही वाटा होता, आणि त्याला त्याचा भारी अभिमान होता. झालं असं होतं, की सुरुवातीच्या दिवसांत बाईंनी एकदा स्वतःलाच पकडलं. त्यांनी आयुष्यात पहिला दुरुस्त केलेला सप्लाय ज्या कंपनीचा होता, त्या कंपनीचा डबा त्या जरा जास्तच मायेने उचलत होत्या. त्यांनी तो खाली ठेवला आणि नवऱ्याला हाक मारली. "अहो, यांना कपडे घाला. मला कोण कुठला ते कळता कामा नये." बाइंडरने शाळेच्या पुस्तकांना घालतात तसा खाकी कागद घातला. पंखा आणि जाळी उघडी, बाकी सगळं झाकलेलं, कोपरे दुमडून नीट चिकटवलेले. वर त्याच्या घोटीव अक्षरात क, ख, ग, घ. कुठलं अक्षर कुठल्या कंपनीचं याची चिठ्ठी त्याच्या सदऱ्याच्या खिशात. निकाल लागला, की तो चिठ्ठी काढून खड्या आवाजात वाचायचा आणि मगच बाई खडू हातात घ्यायच्या. स्वतःच्या आवडीवर इतका कडक पहारा ठेवणारी बाई त्याने दुसरी पाहिली नव्हती. बायकोवर असं खुलेआम खूश असणं शोभत नाही असं त्याला वाटे, म्हणून तो दुमडलेल्या कोपऱ्यांवर खूश असल्याचं दाखवायचा.

आता बारा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिथूनच निघालं.

त्या वेळी गल्लीत एक नवीन एजंट आला होता. किडकिडीत, खांद्याला कापडी पिशवी, बोलण्यात आर्जव. त्याने नोकरी सोडून एका कंपनीच्या सप्लायची एजन्सी घेतली होती. डबा पांढरा होता, म्हणून सगळे त्या सप्लायला पांढराच म्हणत. त्याच वेळी दुसऱ्या एका कंपनीचा निळा डबाही बाजारात आला होता. बाईंनी चार सप्लाय एकदम तपासायला घेतले. बाइंडरने कागद घातले आणि पांढऱ्याच्या वाट्याला ग आला.

खटका ओढला तेव्हा निळ्याचे दिवे आधी लालसर झाले, मग सावकाश पिवळे, मग पांढरे. "बघा," बाई म्हणाल्या, "किती शांतपणे भार उचलतोय." 'ग'ची पाळी आली. खटका ओढला, दिव्यांच्या तारा क्षणभर चमकल्या आणि टक आवाज होऊन सगळं बंद. पुन्हा ओढला, पुन्हा टक. तिसऱ्यांदाही तेच. संध्याकाळी पाटीवर अक्षरं उमटली: निळा पास, पांढरा लोड घेत नाही.

एजंट दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. पाटीसमोर उभा राहिला, मग आत आला.

"बाई, एकदा परत बघा ना."

"तीनदा बघितलंय."

"माल चांगला आहे हो. काहीतरी चुकतंय. एकदा परत बघा."

बाईंनी हात वर केला. "तुम्ही नका बोलू. दिव्यांना खोटं बोलता येत नाही."

तो दारापर्यंत गेला, वळला आणि तिसऱ्यांदा म्हणाला, "एकदाच." बाईंनी तोवर दुसरं काम हातात घेतलं होतं. नमुन्याचा डबा न घेताच तो निघून गेला. पुढे दोनेक वर्षं तो पिशवी घेऊन फिरताना दिसला, मग दिसेनासा झाला. गल्लीत निळा इतका पसरला, की दुसरा सप्लाय शोधून सापडेना.

मागे राहिलेला तो डबा बाइंडरच्या कपाटावर पडून होता. बाइंडरच्या हातून काही टाकलं जात नाही. अर्ध्या इंचाच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यासुद्धा तो जपून ठेवतो. त्याच आठवड्यात बाई आईच्या आजारपणासाठी माहेरी गेल्या आणि नेमका तेव्हाच त्याच्या धाकट्या बहिणीच्या कॉम्प्युटरचा सप्लाय जळला. ही बहीण घरी बसून विद्यार्थ्यांचे प्रबंध टाइप करून द्यायची आणि बांधणीला भावाकडे पाठवायची. चार जणांचे प्रबंध अडकलेले. ती रडवेली होऊन आली. बाइंडरने बायकोचं बघून बघून चार स्क्रू काढायला शिकून घेतलं होतं. तारांची टोकं ज्याच्या त्याच्या खाचेतच बसतात, एवढंही त्याला ठाऊक होतं. त्याने कपाटावरचा नापास डबा उचलला आणि बसवून टाकला. चार दिवसांची सोय, बायको आली की चांगला बसवेल, असा साधा हिशेब. कागद मात्र काढला नाही. पांढरा रंग दिसला असता ना!

बाई परत आल्या तेव्हा गल्लीत त्यांच्याच पाटीची चर्चा होती आणि त्या इतक्या आनंदात होत्या, की त्याची जीभ उचलली नाही. आठवडा गेला, महिना गेला. डबा चालत राहिला. मग सांगायची वेळच निघून गेली. बाइंडर दर सहा महिन्यांनी पुस्तकांच्या पाठी झटकायचा मऊ ब्रश घेऊन बहिणीकडे जायचा, धूळ काढायचा आणि तिला बजावायचा, "वहिनीला उघडू देऊ नकोस. तिला आधीच किती काम असतं." बारा वर्षं त्याने हे गुपित पोटात ठेवलं. त्यात लबाडी होती म्हणण्यापेक्षा भित्रेपणा होता, असं म्हटलं तर त्याच्यावर अन्याय होणार नाही.

तर या वर्षी शहरातल्या मोठ्या ग्रंथालयाचे चाळीस कॉम्प्युटर कुरकुरायला लागले. ग्रंथपाल बाई स्वतः आल्या. त्यांची जुनी पुस्तकं बाइंडरकडेच येत. त्या म्हणाल्या, "चार कंपन्यांचे सप्लाय पुढे आलेत. चारही सारखेच दिसतात. तुम्ही सांगाल तो घेणार. सोमवारी कळवा." चारांत एक निळा होताच.

शनिवारी दुपारी चाचणी लागली. क ने खटका ओढताच सावकाश लाल, पिवळा, पांढरा असा उजेड दिला. ख आणि घ जरा कुरकुरले, पण त्यांनीही दिवे लावले. ग जोडला. बाईंनी खटका ओढला. तारा चमकल्या, टक, बंद.

पुन्हा. टक.

तिसऱ्यांदा. टक.

"ग गेला," बाई म्हणाल्या. "चिठ्ठी वाचा."

बाइंडरला विजेतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण दोन गोष्टी त्याला रोज दिसत होत्या. एक म्हणजे टक आवाज करून नापास झालेला एक डबा बारा वर्षं रोज आठ-दहा तास चालतोय. दुसरी म्हणजे टेबलाखालची टोपली. तिच्यात जळके सप्लाय पडत आणि ते सगळे निळे असत. त्याने एकदा विचारलंही होतं. तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "सगळीकडे निळाच आहे, मग दुरुस्तीला निळाच येणार ना?" तेव्हा ते पटलं होतं. आता खडू पाटीकडे निघालेला बघून पटेना. गप्प बसला तर उद्या चाळीस डबे चुकीचे जाणार. बोलला तर बारा वर्षांचं पितळ उघडं पडणार, आणि त्याहून वाईट म्हणजे तिच्या पाटीवरून गल्लीचा विश्वास उडणार. त्या पाटीखेरीज तिच्याकडे मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

"अगं, थांब. लिहू नकोस अजून."

तीस वर्षांत त्याने तिचा खडू कधी थांबवला नव्हता. बाई वळल्या. "का? कुणी तुम्हाला येऊन भेटून गेलं का?"

हे त्याला फार लागलं. पण लागलं म्हणूनच तोंड उघडलं. "तो पांढरा आठवतो? बारा वर्षांपूर्वीचा, तू नापास केलेला? तो चालू आहे."

"कुठे?"

"धाकटीकडे. तिच्या मशीनमध्ये. तू माहेरी होतीस तेव्हा मी बसवला. चार दिवसांसाठी."

"चार दिवस," बाई म्हणाल्या.

"हो. म्हणजे बारा वर्षं."

बाईंनी खडू ठेवला, हात पुसले, पायात चपला सरकवल्या. "चला."

नणंद टाइप करत होती. "वहिनी, एवढं पान संपवू दे," म्हणाली. बाईंनी पान संपेपर्यंत उभ्या उभ्या वाट पाहिली. मग कॉम्प्युटरचं झाकण काढलं. आत खाकी कागद. बारा वर्षांच्या उबेने काळपट झालेला, कडेला फुटलेला, पण कोपरे अजून नीट दुमडलेले आणि वर नवऱ्याच्या अक्षरातला घोटीव ग.

"हा कागद का नाही काढला गं?"

"दादा म्हणाला होता, कागद काढला की गॅरंटी जाते."

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवरा छताकडे बघत होता. बाईंनी आपल्याजवळचा एक सप्लाय बसवून नणंदेचं काम सुरू करून दिलं आणि जुना डबा काखेत मारून निघाल्या. वाटभर त्याच्या चार पावलं पुढे चालल्या. बाइंडरला शिव्या परवडल्या असत्या.

दुकानात येऊन त्यांनी तो फळीला जोडला. खटका. टक. म्हणजे डबा तोच होता आणि सवयही तीच. बाई स्टुलावर बसल्या आणि हनुवटीला हात लावून दिव्यांकडे बघत राहिल्या. खूप वेळाने त्यांनी विचारलं, "अहो, घरातला बल्ब कधी उडतो?"

"कधी म्हणजे?"

"लावलेला असताना उडतो, की लावताना?"

"लावतानाच. टप करून."

बाई उठल्या. त्यांनी आठांपैकी सात दिव्यांच्या तारा सोडवल्या आणि एकच दिवा ठेवून खटका ओढला. दिवा लागला. टक नाही. दुसऱ्याची तार टेकवली. लागला. तिसरा, चौथा. बाइंडर मोजत होता. सातवा. आठवा. आठही दिवे लख्ख, आणि मीटरचा काटा बरोबर बारावर, जागचा हलेना. अर्धा तास झाला, तासही झाला. बारा वर्षांचा म्हातारा डबा, पण पंख्याचा आवाजसुद्धा चढला नाही.

बाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी ते पुसलं नाही.

"दिव्यातली गार तार पहिल्या क्षणाला वीज घटाघटा पिते," त्या म्हणाल्या. "तापली की मग बेताने. हे मला शाळेपासून माहीत आहे हो. मी आठ तहानलेले एकदम अंगावर सोडले. हा शहाणा, त्याने लगेच दार लावून घेतलं. कुठेतरी तारेला तार चिकटली असेल असं समजून कॉम्प्युटर वाचवायला बंद झाला. त्याने तेच करायचं असतं. आणि मी त्याला म्हटलं, लोड घेत नाही."

"आणि निळा?"

"निळ्याला दारच नाही. येऊ दे कोण येतंय ते. ते सावकाश लाल व्हायचे ना दिवे, ती शांती नव्हती, तेव्हा त्याचा दम निघालेला असायचा." त्यांनी 'क'चा कागद न काढताच त्याच्या दोन तारा एका जाड तारेने मुद्दाम जोडल्या. डबा बंद पडला नाही. आतून धूर आला आणि तो टोपलीतल्या भावंडांसारखा वास द्यायला लागला. मग तीच तार पांढऱ्याला लावली. टक. तार काढली, जरा थांबून पुन्हा सुरू केला, तर स्वारी तयार. शेवटी आजच्या नव्या 'ग'लाही एकेक दिवा जोडला, त्यानेही आठही पेलले. बाइंडरने चिठ्ठी काढून वाचली. क निळाच होता आणि ग एका नव्याच कंपनीचा.

आता बाइंडरची एक गोष्ट सांगायला नको, पण सांगतो. त्याने बायकोला वाचवायला बघितलं. म्हणाला, "अगं, आता पद्धत कळली ना? ग पास म्हणून लिही आणि विषय संपव. मागचं कुणाला आठवतंय?"

बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने पुढचं वाक्य गिळलं. "सोयीचं तेवढं छापायला मी काय कंपनीचा स्टिकर आहे?"

त्यांनी पाटी धुतली. नुसती पुसली नाही, धुतली. ती वाळल्यावर लिहिलं: माझी चाचणी बारा वर्षं चुकत होती. आठ दिवे एकदम लावणं चूक. पांढरा पास होता. निळा घेऊ नये. मी नापास केलेले सातही सप्लाय परत तपासणार.

सात. त्यांनी वहीतून काढले होते. बारा वर्षांत जे जे स्वतःला आणि कॉम्प्युटरला जपणारे होते, त्या प्रत्येकाला त्यांनी घरी बसवलं होतं.

गल्लीने काय म्हणायचं ते म्हटलं. निळ्याचं दुकान घालून बसलेला समोरचा दुकानदार येऊन ओरडून गेला, "तुम्हीच सांगितलं होतंत ना बाई!" त्यावर बाई म्हणाल्या, "हो, मीच." कुणी म्हणालं, आता दिवेबाईंचंही काही खरं नाही. दोन दिवस टिंगल चालली. ग्रंथपाल बाईंनी पाटी दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "म्हणजे आता तुमच्यावर विश्वास ठेवायचा की नाही?" बाईंनी धूर निघालेला निळा आणि आठ दिवे पेलणारा ग दोन्ही उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवले. "माझ्यावर ठेवू नका. हे बघा आणि ठरवा." ग्रंथपाल बाईंनी बराच वेळ बघितलं, खूप प्रश्न विचारले आणि चाळीस ग मागवले. पण या कशानेच बाईंना झोप लागेना. का, ते बाइंडरला ठाऊक होतं. पाटी धुता येते, पण पाटी वाचून परत गेलेला माणूस कुठे शोधायचा?

शोधला बाइंडरनेच. निम्म्या शहराची पुस्तकं त्याच्या हाताखालून गेलेली, ओळखी कमी नव्हत्या. एजंट आता बाजारपेठेच्या दुसऱ्या टोकाला एका चष्म्याच्या दुकानात नोकरीला होता. दोघं गेले तेव्हा तो एका आजींना खुर्चीत बसवून भिंगं बदलत होता. "आता दिसतं? आणि आता? नीट बघा, घाई नाही." आजी जाईपर्यंत बाई दाराशी उभ्या राहिल्या. त्याने त्यांना ओळखलं होतं. ओळख दाखवली नव्हती. मग तो एका फ्रेमचा इवलासा स्क्रू आवळत बसला.

"बोला."

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या. "तुमचा माल चांगला होता. माझी पद्धत चूक होती. मी पाटीवर लिहिलंय, पण तुम्हाला येऊन सांगायला हवं होतं."

त्याने मान वर केली नाही. "मी म्हणालो होतो, एकदा परत बघा."

"हो."

"दोनदा म्हणालो होतो."

"तीनदा. शेवटचं दारात."

स्क्रू कधीच आवळून झाला होता, तरी तो फिरवत राहिला. "दोन वर्षं फिरलो मी. लोक चांगले होते. चहा द्यायचे आणि तुमच्या पाटीकडे बोट दाखवायचे. मग मलाच वाटायला लागलं, की माल खरंच वाईट असेल. बायकोलाही तसंच सांगितलं. वाईट माल गळ्यात मारला मला, म्हटलं." मग म्हणाला, "आता काय त्याचं? डबासुद्धा तुम्ही फेकून दिला असेल."

बाइंडर पुढे झाला. "चालू आहे."

"काय?"

"तोच डबा. तुम्ही ठेवून गेलेला. माझ्या बहिणीच्या कॉम्प्युटरमध्ये बारा वर्षं रोज चालला. आत्ताच तपासायला काढलाय."

एजंटने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. स्वतःचा चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. "रोज?"

"रविवारीसुद्धा. प्रबंधांची घाई असते."

त्याच्या सुट्टीच्या दिवशी तो आला. पाटीवरची अक्षरं बाईंनी अजून तशीच ठेवली होती. त्याने ती शेवटपर्यंत वाचली आणि आत आला. फळीवर आता एका जाड खटक्याऐवजी आठ दिव्यांना आठ बटणं बसली होती. पांढरा मधोमध ठेवला होता. बाइंडरने त्याचा काळपट खाकी कागद काढून, दुमडून, आपल्या खणात ठेवला होता. आतला पांढरा रंग नव्यासारखा होता.

बाईंनी बटणं दाबायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. सातव्यानंतर त्या बाजूला झाल्या आणि आठवं बटण त्याच्यासाठी सोडलं. त्याने ते दाबलं. आठही दिवे लागले, आणि त्या उजेडात तो काटा बघायला वाकला. बराच वेळ वाकूनच राहिला. बाइंडर बायकोकडे बघत होता. चूक झालेली माणसं त्याने पुष्कळ बघितली होती, पण चुकीला अशी दार उघडून घरात बोलावणारी ही एकच, असं त्याला वाटलं. या खेपेला त्याने कोपऱ्यांवर खूश असल्याचा आव आणला नाही.

शेवटी एजंट सरळ झाला. आवाज तोच, आर्जवी.

"बाई, एकदा परत बघू?"

"बघू ना," बाई म्हणाल्या. त्यांनी आठही दिवे एकेक करून बंद केले, त्याला स्टूल दिलं, आणि तिघं दिवे गार व्हायची वाट बघत बसले.